थांबायची तारीख

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडच्या एका अभ्यासिकेत मला पोरांना 'मार्गदर्शन' करायला बोलावलं. ठरलेला पाहुणा म्हणजे नुकतीच पोस्ट निघालेला एक अधिकारी. तो आयत्या वेळी अडकला. हार आणून झाले होते, चहा सांगून झाला होता, मग कुणाला तरी माझी आठवण झाली. मी बार्शीत जीएसटीची आणि आयकराची कामं करतो. तरुणपणी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी सहा वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत काढली, पोस्ट निघाली नाही, परत आलो. एसटी स्टँडसमोर ज्यांचे फ्लेक्स लागत नाहीत, त्यांच्यातला मी.

साठ-सत्तर पोरं होती, बावीसपासून बत्तिशीपर्यंतची. मी म्हटलं, वहीचं शेवटचं पान उघडा आणि त्यावर एक तारीख लिहा. परीक्षेची नको, तुम्ही ज्या दिवशी थांबणार त्या दिवसाची. आधी थोडं हसू फुटलं, मग कुजबुज सुरू झाली. आयोजक माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "सर, जरा पॉझिटिव्ह बोला."

यापेक्षा पॉझिटिव्ह काय बोलायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

विशीतल्या पोराला आपल्याकडे सल्ला फुकट मिळतो आणि बहुतेक वेळा तो एकच असतो: सोडू नकोस. वाळू रगडून तेल काढायची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. किती वाळू, किती वर्षं आणि तोवर घाण्याला जुंपलेल्याच्या घरी चूल कशी पेटते, हे कुणी सांगत नाही. सातव्या प्रयत्नात पास झालेला माणूस माईकसमोर उभा राहतो. सातव्यातही न झालेले दहा जण माईकसमोर येत नाहीत, ते माझ्यासारख्याच्या ऑफिसात नोकरी मागायला येतात. पोरांच्या कानावर फक्त पहिल्याचा आवाज पडतो, म्हणून त्यांना तोच नियम वाटतो.

थोडं गणित करू. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा होत्या ४,६४४ आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. म्हणजे दोनशेहून जास्त अर्जांमागे एक जागा. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज होते, म्हणजे शंभरात एक. हे आकडे पोरांना तोंडपाठ असतात. त्यातून ती निष्कर्ष काढतात, की आपण आणखी अभ्यास केला पाहिजे. एकट्यापुरतं ते बरोबर आहे. पण उद्या दहा लाखांनी मिळून दुप्पट अभ्यास केला, तरी जागा ४,६४४ च राहतील. फक्त कट ऑफ वर सरकेल. मेहनतीने तुमचा नंबर पुढे जातो, रांग छोटी होत नाही. जी गोष्ट मुळात जागांच्या टंचाईची आहे, ती आपण पोरांना चिकाटीच्या कमतरतेची म्हणून विकतो. मग नापास झालेला पोरगा स्वतःला दोष देतो आणि ती कमतरता भरून काढायला अजून एक वर्ष टाकतो.

सरकारने या रांगेला मध्ये एक ओसरीही बांधून दिली. २०१६ मध्ये राज्याच्या सरकारी नोकरीसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ झाली आणि राखीव प्रवर्गाची ३८ वरून ४३. तेव्हा पेढे वाटले गेले. मला तो निर्णय पाच वर्षांच्या उधारीसारखा वाटला. उधारी मागायला कुणी दारात येत नाही एवढंच, बाकी फेडावी लागतेच. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेत खुल्या गटाला ३२ वर्षं आणि सहा प्रयत्न अशी मर्यादा आहे. आपल्या राज्याच्या लोकसेवा आयोगानेही, म्हणजे एमपीएससीने, २०२० च्या डिसेंबरमध्ये प्रयत्नांवर मर्यादा जाहीर केली होती: खुल्या गटाला सहा, इतर मागासवर्गाला नऊ. ओरड झाली आणि पुढे तो निर्णय मागे घेण्यात आला.

मी त्या मर्यादेच्या बाजूचा होतो, अजूनही आहे. मात्र विरोध करणाऱ्यांच्या एका मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. पोरांचे प्रयत्न मोजायचे, तर आधी आयोगाचं वेळापत्रक पाळलं गेलं पाहिजे. २०२१ च्या मार्चमध्ये १४ तारखेची परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली आणि पुण्यात नवी पेठेत पोरं रस्त्यावर बसली. २०२४ मध्ये २५ ऑगस्टची पूर्वपरीक्षा बँकेच्या परीक्षेच्याच दिवशी आली. पुन्हा आंदोलन झालं, पुन्हा तारीख बदलली आणि शेवटी १ डिसेंबरला पेपर झाला. त्याआधी मुख्य परीक्षेत पर्याय निवडायच्या प्रश्नांऐवजी उत्तरं लिहायची वर्णनात्मक पद्धत लगेच आणायची की पुढे ढकलायची यावर एक लढाई झालीच होती. ज्या संस्थेची स्वतःची तारीख टिकत नाही, तिने दुसऱ्याच्या तारखा मोजणं अन्यायाचंच होईल. म्हणून माझं म्हणणं असं, की मर्यादा आयोगाने घालण्याची वाट पाहू नका, स्वतः घाला, आणि ती प्रयत्नांत न मोजता वर्षांत मोजा. परीक्षा पुढे गेली तरी तुमचं वय पुढे जायचं थांबत नाही.

यात मुलींचा विषय निघतोच. त्याच पेठांमध्ये मुलीही राहतात, तेवढ्याच जिद्दीने अभ्यास करतात. पण त्यांच्या घरातून तारीख पहिल्या दिवशीच मिळालेली असते: दोन वर्षं बघ, नाही झालं तर स्थळं बघायला सुरुवात. ही तारीख जुलमाची आहे, ती त्यांनी ठरवलेली नाही. पण त्यामुळे त्यातल्या कितीतरी जणी दोन वर्षांत सगळ्या परीक्षांचे अर्ज भरतात, जी मिळेल ती पोस्ट घेतात आणि घराबाहेर पाय रोवतात. मुलाला मात्र घर म्हणतं, तू बघ, आम्ही आहोत. हे प्रेमाचंच बोलणं आहे, आणि त्यानेच तो अडकतो. मुलीवर लादलेली तारीख काढून टाकावी आणि मुलाने स्वतःला एक द्यावी, एवढं झालं तरी बरीच घरं सावरतील.

आता माझं सांगतो, नाहीतर वाटेल हा बाबा काठावर बसून पोहायला शिकवतो आहे.

मी २००३ मध्ये पुण्याला गेलो, बावीस वर्षांचा होतो. कॉट आणि मेस मिळून दीड-पावणेदोन हजारांत महिना भागायचा. आण्णा सोसायटीत हमाल होते, आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. दर रविवारी मी रुपयाच्या कॉइन बॉक्सवरून शेजारच्यांकडे फोन लावायचो आणि आई आली की सांगायचो, यंदा पेपर चांगला गेलाय. दरवर्षी चांगलाच गेलेला असायचा.

परत आल्यावर कधीतरी आईचं बचत गटाचं पासबुक हाती लागलं. बचत, व्याज, हप्ता असे रकाने, आणि एका पानावर कर्जाची नोंद: सात हजार, कारण शेळीपालन. पुढच्या वर्षी पुन्हा दहा हजार, कारण तेच. आमच्या घरी शेळी कधीच नव्हती. दावं नव्हतं, गोठा नव्हता, बांधायला अंगणही नव्हतं. शेळीने सदाशिव पेठेत दोन वेळची मेस खाल्ली, आणि हप्ते आईने खुरप्यावर फेडले. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "गटाच्या बाईनं कारण विचारलं. पोराची मेस असा रकाना नव्हता कागदावर."

त्या सहा वर्षांत मी काहीच शिकलो नाही असं नाही. पहिल्या दोन वर्षांत खूप शिकलो. राज्यघटना वाचली, पहिल्यांदा अर्थसंकल्प वाचला, एका जागी सात तास बसायला शिकलो. ते पुढे कामाला आलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा व्हॅटमध्ये मुरलेले जुने लोक गडबडले आणि मी कायद्याचं बाड घेऊन बसलो. कलम वाचायची भीती वाटत नव्हती, ती सवय पेठेतलीच होती. एवढं सांगितलं की लोक म्हणतात, बघा, काहीच वाया जात नाही. जातं हो. जे मिळालं ते पहिल्या दोन वर्षांतच मिळालं होतं. उरलेली चार वर्षं मी तीच पुस्तकं नव्या आवृत्तीत विकत घेतली, त्याच ओळींखाली वेगळ्या रंगाच्या रेघा मारल्या. तिसऱ्या वर्षानंतर अभ्यास होत नाही, उजळणी होते, आणि उजळणीला आपण तपश्चर्या म्हणतो. शेवटी अप्पा बळवंत चौकात जाऊन सगळी पुस्तकं किलोवर दिली आणि त्या पैशांत परतीचं तिकीट काढलं.

अठ्ठावीसाव्या वर्षी एका कर सल्लागाराकडे तीन हजारांवर लागलो. शेजारच्या टेबलावरचा पोरगा एकोणीस वर्षांचा होता आणि मला व्हाउचर कसं लावायचं ते शिकवत होता. माझी लाज तेवढ्या सहा महिन्यांची होती. मी उगाच सहा वर्षं तिला भीत बसलो होतो.

या सगळ्यावर हमखास येणारा प्रश्न आहे: थांबून करायचं काय? गावात नोकऱ्या आहेत कुठे? प्रश्न खरा आहे आणि तो टाळणाऱ्या सल्लागारांचा मला राग येतो. आमच्याकडे दुकानावर पोराला दहा-बारा हजार मिळतात, तेही दिवाळीनंतर मालकाचा मूड असेल तर. भूमिहीन घरातल्या पोराला तलाठ्याची पोस्ट मिळाली तर पुढच्या तीन पिढ्यांची रेघ बदलते. त्याला 'सरकारी नोकरीचा हव्यास सोड' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः सरकारी पेन्शनवर असतो. मी त्याला बसू नकोस म्हणत नाही. बस, पण एका हाताने. दुसऱ्या हाताला असं काहीतरी काम येऊ दे, ज्याचे पैसे कुणीतरी आज संध्याकाळी देईल.

हे बोलताना मी पोरांना नेहमी सोलर पंपाचं उदाहरण देतो. सरकारने 'मागेल त्याला सौर कृषी पंप' अशी योजना आणली, शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच. पंप शिवारात येतोय, पण त्याचा कंट्रोलर बिघडला की दुरुस्त करणारा माणूस तालुक्यात शोधावा लागतो. आमच्याकडे एक पोरगा आहे, आयटीआय वायरमन. भरतीसाठी रोज पहाटे सोळाशे मीटर पळतो आणि दहा वाजता स्कूटरवर शिडी बांधून निघतो. तो पोलीस होईल की नाही मला माहीत नाही. पण मेसच्या पैशासाठी त्याच्या आईला शेळीचं नाव सांगावं लागणार नाही.

याच्या उलट काय होतं, तेही आपण पाहिलं. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा, मुदत सहा महिने. पोरं कार्यालयांमध्ये जाऊन बसली. मुदत संपली, वाढवून मिळाली आणि मग 'आम्हाला कायम करा' म्हणून तीच पोरं रस्त्यावर आली. पोरांना दोष द्यायला मी तयार नाही. सरकारी टेबलाशेजारी बसवून तुम्ही त्यांना काय शिकवलंत? वाट बघायला शिकवलंत. ते तर त्यांना आधीच येत होतं.

अलीकडे अभ्यासिकेत एक नवी गंमत दिसते. पुस्तकाच्या आत मोबाइल आणि मोबाइलवर शेअर बाजाराच्या आलेखातल्या हिरव्या-लाल मेणबत्त्या. परीक्षा लांबली, घरी पैसे मागवायची लाज वाटते, मग ऑप्शनमध्ये पाच हजार टाकून बघू. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आकडे दिले: आधीच्या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स खेळणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, आणि २०२३-२४ मध्ये खेळणाऱ्यांपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते. शंभरात एक लागणाऱ्या रांगेला कंटाळून पोरगा शंभरात सात वाचतात त्या रांगेत जाऊन उभा राहतो. मेच्या शेवटी त्यांचे बाप आमच्याकडे पॅन कार्ड घेऊन येतात. विवरण भरताना मला सगळं दिसतं, बापाला दिसत नाही. सांगावं की नाही, हा माझा दरवर्षीचा पेच आहे.

आणि लग्न. निम्म्या पोरांना पोस्ट हवी असते ती पोस्टसाठी नसून, 'मुलगा काय करतो' या प्रश्नाच्या उत्तरासाठी. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सोलापुरात पोरांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला: आम्हाला बायको मिळवून द्या. राज्यभर हसू झालं. मला हसू आलं नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. ती मुलं म्हणजेच आजचे विशीतले, तिशीला टेकलेले तरुण. २०११ मध्ये हा आकडा ८९४ वर आला, बीडमध्ये तर ८०७. त्यांच्या आई-बापांच्या पिढीने सोनोग्राफीच्या खोलीत केलेला हिशोब आज पोरांच्या वाट्याला आला आहे. पोराने कितीही अभ्यास केला तरी त्या न जन्मलेल्या मुली येणार नाहीत. पोस्ट मिळाली तर रांगेत नंबर पुढे लागेल, मागचा आणखी मागे जाईल. पुन्हा तेच गणित.

जी मुलगी आहे, ती शिकलेली आहे, बहुतेक वेळा कमावती आहे. तिला सातबाऱ्यापेक्षा आणि पगाराच्या स्लिपेपेक्षा वेगळी एक गोष्ट बघायची असते. ती घरी आल्यावर हा उठून कुकर लावतो का? माझी बायको नर्स आहे, तिला रात्रपाळी असते. बघायच्या कार्यक्रमात तिने मला विचारलेला एकमेव प्रश्न होता, "भाजी येते का करायला?" मेसच्या बाईंच्या कृपेने येत होती. शेवटच्या वर्षी पैसे कमी पडले म्हणून मी त्यांच्याकडे सकाळी कांदे-बटाटे चिरून द्यायचो. पेठेतल्या सहा वर्षांतलं लग्नाला उपयोगी पडलेलं शिक्षण तेवढंच.

बाकी उपदेश मी करत नाही. पहाटे उठा, मोबाइल कमी वापरा, व्यायाम करा, हे सगळं पोरांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. एकच गोष्ट ती करत नाहीत: घरी खरं सांगत नाहीत. तारखेचा खरा उपयोग तिथे आहे. मनातली तारीख दर निकालानंतर वर्षभर पुढे सरकते आणि कुणाला कळत नाही. तीच कागदावर लिहून बापाच्या हातात दिली, तर रविवारच्या फोनवर 'पेपर चांगला गेला' म्हणण्याची सक्ती उरत नाही. घरालाही कळतं की किती महिने, किती पैसे. न सांगितल्याचा शेवट काही घरांनी फार वाईट पाहिला आहे.

त्या अभ्यासिकेतल्या कार्यक्रमानंतर चार-पाच महिन्यांनी एक पोरगा माझ्या ऑफिसात आला. एकतिशी ओलांडलेला, मुख्य परीक्षा दोनदा दिलेला. म्हणाला, "सर, तुमच्याकडे काही काम शिकता येईल का?" ठेवून घेतला. आमचं काम तारखांचं आहे. जीएसटीची विवरणं दर महिन्याला भरायची, अकराला जीएसटीआर-वन, वीसला थ्री-बी, चुकलं की दंड. पहिल्या महिन्यात त्याला याचंच नवल वाटलं, की तारीख येते आणि खरोखरच येते. डेबिट-क्रेडिट उलटं लावायचा, पण नोटीस आली की उत्तर असं लिहायचा की मी तसंच्या तसं सही करून पाठवायचो. जूनमध्ये परीक्षेसाठी दोन दिवस रजा मागितली. दिली. सोमवारी वेळेवर आला, पेपर कसा गेला ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

परवा त्याच्या ड्रॉवरमध्ये स्टेपलर शोधत होतो, तेव्हा वहीचं फाडलेलं एक पान सापडलं. ओळखीचं वाटलं. त्या दिवशीचंच होतं, माझ्यासमोर लिहिलेलं. निळ्या शाईत, दोनदा अधोरेखित: ३१ मार्च.

मी विचारलं, "अरे, कुठल्या सालचा?"

त्याने पान हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. साल लिहायचं राहिलं होतं.

मी त्याला पेन दिला.